माशाच्या पोटात कोण राहणार?

एक होता मासा आणि एक होता उंदीर. मासा जेमतेम दीड इंच लांब, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत निळे पट्टे ओढलेला. उंदीर प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात वाढलेला. दोघांची कधी गाठ पडली नव्हती आणि पडण्याचं काही कारणही नव्हतं. पण अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी माशाच्या आतड्यातले जिवाणू उंदराच्या आतड्यात सोडले आणि उंदराच्या आतड्यातले माशाच्या. ही गोष्ट २००६ साली प्रसिद्ध झाली. पुढे काय झालं ते सांगतोच, पण त्याआधी माशाची ओळख करून घेऊ. उंदीर तुम्हाला ठाऊक आहेच.

हा मासा आपल्याच उपखंडातला, बरं का. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, भाताच्या खाचरांलगतच्या डबक्यांत, संथ ओढ्यांच्या कडेला त्याचे थवे फिरतात. बाजारात तो कधी दिसायचा नाही, कारण कालवणाला पुरेल एवढं अंगच नाही त्याला. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर कंपनी सरकारच्या नोकरीत बंगालमध्ये होते. त्यांनी गंगेतल्या माशांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १८२२ साली छापला गेला, आणि त्यात या माशाची पहिली शास्त्रीय नोंद झाली. पुढे दीडशे वर्षांनी ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत आणलं. आज जीवशास्त्राच्या जगात झेब्राफिश हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. माणसाच्या दर दहा जनुकांपैकी साधारण सात जनुकांना या माशात जोड सापडते, हे २०१३ साली त्याच्या जनुकांची पूर्ण यादी वाचल्यावर कळलं.

शास्त्रज्ञांना तो इतका का आवडतो, ठाऊक आहे? त्याचं अंडं आणि पिल्लू, दोन्ही आरपार दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की आतलं हृदय धडधडताना दिसतं, रक्त वाहताना दिसतं, आणि थोड्या दिवसांनी आतडं वळवळतानाही दिसतं. दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्यातून बाहेर येतं. तोवर ते अंड्याच्या कवचाआड असतं आणि त्याच्या आतड्यात एकही जिवाणू नसतो. तोंड उघडलं, पाण्याचा पहिला घोट आत गेला, की वस्तीला सुरुवात.

“पण आजोबा, जिवाणू म्हणजे रोगच ना?” असं माझ्या धाकट्या नातीनं विचारलं, तेव्हा मला या माशाच्या पिल्लाचाच दाखला द्यावा लागला. अंडी औषधानं धुऊन, निर्जंतुक पाण्यात ठेवून, जिवाणू शिवणारच नाहीत अशी पिल्लं वाढवता येतात. अशी पिल्लं वरवर धडधाकट दिसतात. पण नीट पाहिलं तर त्यांच्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी हव्या तशा वाढलेल्या नसतात. ओरेगनमधल्याच शास्त्रज्ञांना २०१६ साली आणखी एक नवलाची गोष्ट दिसली. आपल्या पोटात इन्शुलिन तयार करणाऱ्या ज्या पेशी असतात, ज्या कमी पडल्या की मधुमेह होतो, त्या या जिवाणूविना वाढलेल्या पिल्लांत कमीच राहतात. एरोमोनास नावाच्या आतड्यातल्या जिवाणूकडचं एक प्रथिन त्या पिल्लांच्या पाण्यात घातलं, की त्या पेशींची संख्या वाढते. म्हणजे माशाच्या अंगाचा एक महत्त्वाचा अवयव पुरता घडायला बाहेरच्या जिवाचा हात लागतो. रोग करणारे जिवाणू आहेत, नाही असं नाही. पण पोटातली बहुतेक वस्ती ही अशी कामाची असते, नाहीतर निरुपद्रवी.

आता मुख्य प्रश्न. समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. एक मिलिलिटर म्हणजे किती? चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतं. मासा या पाण्यातच श्वास घेतो, त्यातच खातो, त्यातच शी करतो. जमिनीवरच्या प्राण्याच्या पिल्लाला पहिले जिवाणू बहुतेक आईकडून मिळतात, तिच्या अंगावरून, तिच्या दुधातून. माशाची आई बहुधा अंडी घालून निघून जाते. मग माशाच्या पोटात कोण राहणार, हे पाणीच ठरवत असणार, असं आपल्याला वाटेल. तसं असेल तर एकाच तळ्यातल्या सगळ्या माशांच्या पोटात सारखेच जिवाणू सापडायला हवेत. आणि नसेल तसं, मासा स्वतः निवडत असेल, तर दोन वेगळ्या तळ्यांतल्या एकाच जातीच्या माशांची पोटं सारखी हवीत. खरं काय?

इथे आपला उंदीर येतो.

सेंट लुइस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जिवाणूविना वाढवलेले उंदीर होते. हे काम फार कष्टाचं. उंदरांना बंद प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवायचं, आत जाणारी हवा गाळून घ्यायची, अन्न-पाणी निर्जंतुक करायचं, हात घालायचा तोही खोक्यालाच जोडलेल्या हातमोज्यांतून. जॉन रॉल्स, मायकेल माहोवाल्ड, रूथ ले आणि गॉर्डन यांनी झेब्राफिशच्या आतड्यातला ऐवज या उंदरांना दिला आणि उंदराच्या आतड्यातला ऐवज जिवाणू नसलेल्या झेब्राफिशच्या पिल्लांना. लक्षात घ्या, उंदराचं अंग असतं ३७ अंशांचं आणि मासा राहतो २८ अंशांच्या पाण्यात. उंदराच्या आतड्यात शिरलेल्या माशाच्या जिवाणूंना ते घर किती परकं वाटलं असेल!

माशाच्या पोटात एरवी प्रोटिओबॅक्टेरिया नावाच्या गटाची चलती असते. उंदराच्या पोटात फर्मिक्युट्स नावाचा गट फार. अदलाबदल झाल्यावर काही दिवसांनी मोजदाद केली तेव्हा दिसलं ते असं. उंदराच्या पोटात जिवाणू माशाचेच होते, नवे कुठून येणार? पण त्यांचं प्रमाण बदललं होतं. माशाकडे जे फर्मिक्युट्स थोडेसेच होते, ते उंदराच्या पोटात फोफावले होते. आणि उंदराचे जिवाणू घेतलेल्या माशांत उलटं झालं, तिथे प्रोटिओबॅक्टेरिया वाढले. मिळालेल्या जिवाणूंतूनच प्रत्येकानं आपापल्या जातीला शोभेल अशी वस्ती जवळजवळ पुन्हा उभी केली होती.

शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही. सरमिसळ बियाण्याचं एकच पोतं रत्नागिरीच्या जांभ्या जमिनीवर फेकलं आणि यवतमाळच्या काळ्या रानात फेकलं, तर दोन्हीकडे वर येईल ते पोत्यात होतं त्यातलंच. पण कोकणात कशानं जोर धरला आणि विदर्भात कशानं, ते जमीन ठरवणार. पाणी बियाणं आणतं, आतडं जमीन असतं. पोत्यात जे नाही ते उगवणार नाही, आणि पोत्यात असलं म्हणून सगळं उगवेलच असंही नाही.

मला या प्रयोगाबद्दल फार आदर वाटतो. “पाणी की जात” या वादावर माणसं वर्षानुवर्षं बोलत बसली असती. या चौघांनी दोन्ही बाजूंना एकमेकांच्या घरात पाठवलं आणि उत्तर मोजून आणलं.

पाच वर्षांनी, २०११ साली, याची दुसऱ्या बाजूनं खातरजमा झाली. भारतातल्या नैसर्गिक पाण्यातून नुकतेच पकडलेले झेब्राफिश घेतले आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत पिढ्यान् पिढ्या वाढलेले झेब्राफिश घेतले. एकाचं पाणी गढूळ, ओढ्याचं, किड्यामुंग्यांनी भरलेलं. दुसऱ्याचं पाणी गाळलेलं, खाणं डब्यातलं. तरी दोघांच्या पोटातल्या जिवाणूंचा गाभा बराचसा सारखा निघाला.

“म्हणजे मासा निवडतो?” थोरला नातू म्हणाला. “पण त्याला कसं कळतं?”

अगदी बरोबर जागी बोट ठेवलंस. माशाला काही कळत नाही. त्याचं आतडं कसं घडलंय, तेच निवडीचं काम करतं. याची सगळ्यात सुंदर गोष्ट २०१६ साली पुन्हा ओरेगनमध्येच घडली, आणि ती त्यांनी जिवंत पिल्लाच्या आत, डोळ्यांदेखत पाहिली.

मघाचा एरोमोनास आठवतो ना? त्याला त्यांनी एका रंगात चमकणारं केलं आणि जिवाणू नसलेल्या पिल्लाच्या पाण्यात सोडलं. तो पिल्लाच्या आतड्यात जाऊन बसला. हा गडी गुठळ्या करून राहणारा. हजारो जण एकमेकांना चिकटून एका जागी. मग दुसऱ्या दिवशी व्हिब्रिओ सोडला, वेगळ्या रंगाचा. हा कॉलऱ्याच्या जंतूचा सख्खा भाऊबंद, पण झेब्राफिशच्याच आतड्यातून मिळालेला. हा एकटा-एकटा सुळसुळ पोहत राहतो, गुठळी करत नाही. थोड्याच काळात एरोमोनासची संख्या कोसळू लागली. हळूहळू नव्हे, एकदम. आता भरपूर आहेत, आणि थोड्या वेळानं पाहावं तर जवळजवळ नाहीतच.

व्हिब्रिओनं त्यांना मारलं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण पिल्लू आरपार दिसत होतं, म्हणून खरं कारण दिसलं. आपलं काय, माशाचं काय, आतडं सतत आकुंचन पावत अन्न पुढे ढकलत असतं. ते ढकलणं झालं की एरोमोनासची अख्खी गुठळी बाहेर फेकली जायची. पोहणारा व्हिब्रिओ मात्र आतच टिकायचा, आणि एरोमोनासला पुन्हा जम बसवायला जागा द्यायचा नाही.

आता जनुकाचा भाग ऐका. ‘रेट’ नावाचं एक जनुक आहे. आतड्याच्या भिंतीत जे मज्जातंतूंचं जाळं असतं, आकुंचनाची लय राखणारं, ते घडायला हे जनुक लागतं. हे जनुक बिघडलेल्या झेब्राफिशच्या आतड्यात ते जाळं नीट तयार होत नाही, आणि ढकलणं मंदावतं. अशा पिल्लांत तोच प्रयोग केला. तोच एरोमोनास, तोच व्हिब्रिओ, पाणीही तसंच. आणि दोघंही सुखानं एकत्र राहिले! एका जनुकाच्या बिघाडानं पोटातल्या वस्तीचा निकाल फिरला. पाण्यात काहीही बदललं नव्हतं.

हेच जनुक माणसातही असतं. त्यात दोष असेल तर काही बाळं जन्मतात तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूच नसतात. बाळाला शी होत नाही, पोट फुगतं, शस्त्रक्रिया करावी लागते. हिर्शस्प्रुंगचा आजार म्हणतात त्याला. बंगालच्या डबक्यातल्या माशाच्या पिल्लाकडे पाहताना डॉक्टरांना आपल्या बाळाचं आतडं समजत जातं. ज्याला कोणी जाळ्यात ठेवून घेत नाही, त्या माशानं एवढं शिकवावं!

पण निवड जनुकांची म्हणून पाण्याला कमी लेखू नका. सॅमन मासा पाहा. जन्मतो नदीत, वाढीला जातो समुद्रात, आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परततो. गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात जाताना त्याच्या पोटातली वस्ती बदलते, समुद्रातल्या मोठ्या सॅमनच्या आतड्यात मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूंचं प्रमाण फार आढळतं. अंगातली जनुकं तर तीच असतात.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ व्हँकुव्हर बेटावर तळीच तळी आहेत. शेवटचं हिमयुग ओसरलं तेव्हा, दहा-बारा हजार वर्षांपूर्वी, समुद्रातला एक काटेरी छोटा मासा या तळ्यांत शिरला आणि अडकून पडला. स्टिकलबॅक त्याचं नाव, पाठीवर तीन काटे. प्रत्येक तळ्यात तो वेगवेगळा बदलत गेला. डॅनियल बोल्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळ्या-तळ्यांतल्या या माशांची पोटं तपासली. जिवाणू बरेचसे अन्नासोबत आत येतात, हे दिसलं. पण कोणत्या तळ्यातला मासा जनुकांनी कोणापासून किती दूर गेला आहे, त्याचाही ठसा पोटात दिसला. आणि २०१४ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती ऐकून मी थक्क झालो होतो. एकच खाणं बदलून पाहिलं तर नराच्या पोटातली वस्ती एका रीतीनं बदलते आणि मादीच्या पोटातली दुसऱ्या रीतीनं. पाणी एक, अन्न एक, जात एक, तरी फरक.

आता आपल्या ओळखीच्या माशाकडे येऊ. उजनीच्या धरणावर गेलात तर कोळी जी टोपलीभर चिलापी विकतात, ती मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणलेली. तिची एक चुलतबहीण आहे, निळी तिलापिया. या माशांचा एकच मोठा अवगुण, त्यांना थंडी सोसत नाही. पाणी बारा अंशांपर्यंत खाली आलं की खाणं सोडतात, आजारी पडतात, मरतात. इस्राएलमधल्या शास्त्रज्ञांनी निळ्या तिलापियाच्या घराण्यांतून थंडी सोसणारी आणि थंडीनं लोळणारी अशी घराणी वेगळी केली. मग दोघांना २४ अंशांच्या पाण्यातून १२ अंशांच्या पाण्यात नेलं आणि पोटातले जिवाणू तपासले. २०१८ साली त्यांनी जे छापलं ते असं: थंडी सोसणाऱ्या घराण्याच्या पोटातली वस्तीच मुळात वेगळी होती, आणि पाणी गार झाल्यावर ती कमी विस्कटली. थंडीला नाजूक असलेल्या माशांच्या पोटातली वस्ती जास्त ढवळून निघाली.

नीट विचार करा हं या गोष्टीचा. निवड करणाऱ्यांनी पोटाकडे पाहिलंच नव्हतं. त्यांनी फक्त थंडीत कोण तगतो ते पाहिलं. पण मासा निवडताना त्याच्या पोटातली मंडळीही नकळत निवडली गेली. पाणी आणि जनुकं यांचा वेगवेगळा हिशोब मांडायला गेलं तर तो जुळणार नाही, असं मला या प्रयोगापासून पक्कं वाटायला लागलं. गार पाण्याचा घाव किती बसणार, हे अंगातल्या जनुकांवर ठरतं. आणि जनुकांचा गुण दिसून येतो तो पाणी गार झाल्यावरच.

आता याहून लहान प्राणी. डॅफ्निया, म्हणजे पाण्यातली पिसू. पिसू म्हटलं तरी चावत नाही बिचारी, कोळंबीच्या गोतावळ्यातली आहे. दोन-तीन मिलिमीटरची, आरपार दिसणारी, उड्या मारत पोहणारी. ती हिरवं सूक्ष्म शेवाळ गाळून खाते आणि मासे तिला खातात. तिची एक अजब रीत आहे. दिवस बरे असले की मादी नराविना पिल्लं घालते, सगळ्या मुली, हुबेहूब आईच्या जनुकांच्या. त्यामुळे शास्त्रज्ञांना एकाच जनुकांच्या शेकडो पिसवा मिळतात. जनुकं स्थिर ठेवून बाकी सगळं बदलून पाहायचं, ही सोय मोठ्या प्राण्यांत कुठली?

तळ्यात सांडपाणी आणि खत फार झालं की उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा दाट तवंग येतो, पाहिलाय ना? त्यात मायक्रोसिस्टिस नावाचा एक विषारी जिवाणू अनेकदा असतो. पिसवांना तो खाल्ला की बाधतो. पण सगळ्यांना सारखा नाही. काही वाणांना तो सोसतो, काहींना नाही. बेल्जियममध्ये एलेन डेकास्टेकर यांच्या गटानं २०१७ साली याचा तपास केला. त्यांनी अंडी निर्जंतुक करून जिवाणू नसलेल्या पिसवा वाढवल्या. मग काहींना विष सोसणाऱ्या वाणाच्या आतड्यातले जिवाणू दिले आणि काहींना न सोसणाऱ्या वाणाचे. आणि विषारी अन्न खायला घातलं. सोसणाऱ्यांचे जिवाणू मिळालेल्या पिसवा जास्त तगल्या, जास्त वाढल्या.

म्हणजे जो गुण आपण इतकी वर्षं त्या पिसवेच्या जनुकांच्या नावावर लिहीत होतो, त्यातला वाटा तिच्या पोटातल्या जिवाणूंचा होता! आणि पोटात कोण राहणार यावर तिच्या जनुकांचाही हात होताच. शिवाय ज्या पिसवांकडून जिवाणू घेतले त्या आधी विषारी पाण्यात राहिल्या होत्या की नाही, यानंही फरक पडत होता. जनुकं, पाणी, जिवाणू, तिघांचे धागे असे गुंतलेले आहेत. एक ओढला की दुसरा हलतो.

थोरल्याला अजून शंका होती. “पण आजोबा, हे सगळं सूक्ष्मदर्शकातून. डोळ्यांना दिसणारा जिवाणू नसतोच का?”

असतो! आणि तोही माशाच्याच पोटात. तांबड्या समुद्रातल्या पोवळ्यांच्या खडकांवर सर्जनफिश नावाचे मासे शेवाळ खरवडून खातात. शेपटीच्या बुडाशी धारदार पातं असतं त्यांच्या. इस्राएलचे लेव्ह फिशेलसन आणि त्यांचे सहकारी या माशांच्या आतड्यात पाहत असताना त्यांना सिगारच्या आकाराचे मोठे जीव वळवळताना दिसले. १९८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. अर्ध्या मिलिमीटरहून लांब! नेहमीचा जिवाणू एका मिलिमीटरमध्ये ओळीनं पाचशे मावतील एवढा. त्यामुळे हा जिवाणू असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे १९९३ साली एस्थर अँगर्ट, केंडल क्लेमेंट्स आणि नॉर्मन पेस यांनी त्याची जनुकं वाचून दाखवलं, की हा जिवाणूच आहे. एपुलोपिशियम त्याचं नाव. बाकीचे बहुतेक जिवाणू मधोमध दुभंगून वाढतात, याच्या पोटात मात्र लेकी तयार होतात आणि आईला फोडून बाहेर येतात. पेशी इतकी मोठी, म्हणून तिच्यात जनुकांच्या संचाच्याही हजारो प्रती असतात.

हा राक्षस समुद्राच्या पाण्यात मोकळा फिरताना भेटत नाही आणि प्रयोगशाळेतल्या बशीत त्याला वाढवता आलेलं नाही. त्याला सर्जनफिशचं आतडंच लागतं, त्यातलं शेवाळ लागतं, तिथली ऊब लागते. मघापासून आपण मासा जिवाणू कसा निवडतो ते पाहत होतो. इथे एका जिवाणूनं जगातली बाकी सगळी घरं सोडून एका कुळाच्या माशांचं पोट धरलंय.

आफ्रिकेतल्या एका माशाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. मोझांबिक आणि झिंबाब्वेच्या भागात पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांत किलीफिश राहतो. डबकं आटायच्या आत जन्म, लग्न, मुलंबाळं आणि मरण, सगळं काही महिन्यांत. जर्मनीत दारिओ व्हालेंझानो यांच्या गटानं मध्यमवयीन किलीफिशांच्या पोटातले जुने जिवाणू औषधानं कमी केले आणि त्यांच्या पाण्यात तरुण माशांच्या आतड्यातला ऐवज मिसळला. ते मासे इतरांपेक्षा जास्त जगले. हे २०१७ साली छापून आलं. लगेच माणसाला लागू करू नका हं, किलीफिश तो किलीफिश.

आता आपल्या तळ्यांकडे. महाराष्ट्रात शेततळ्यांत आणि गावतलावांत रोहू, कटला आणि मृगळ एकत्र सोडतात. कटला वरच्या थरातलं प्लवक खातो, रोहू मधल्या थरात फिरतो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. पाणी एक, पण तिघांच्या पोटात जाणारं वेगळं, म्हणून एकमेकांच्या तोंडचा घास काढत नाहीत. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेनं नॉर्वेच्या मदतीनं १९९२ पासून रोहूची निवड करत करत लवकर वाढणारा वाण काढला, आणि स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, १९९७ साली, तो ‘जयंती रोहू’ या नावानं दिला. फार मोलाचं काम आहे ते. पण तिलापियाची गोष्ट ऐकल्यावर मला वाटतं, नुसतं वजन मोजून वाण निवडण्याचे दिवस आता सरायला हवेत. नवा वाण निवडताना, आपल्या गरम, उन्हाळ्यात आटत जाणाऱ्या पाण्यात त्याच्या पोटातली वस्ती टिकते का, हेही तपासलं पाहिजे. आणि ते तपासायला आज फार मोठी यंत्रं लागत नाहीत, माशाच्या शीचा नमुनाही पुरतो.

ज्यांच्या घरी शेततळं आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बोटुकली सोडल्यावर चार मासे मेलेले दिसले, की दुकानातून प्रतिजैविक आणून पाण्यात ओतण्याची घाई करू नका. ते औषध रोगाचा जिवाणू आणि कामाचा जिवाणू यांत भेद करत नाही. माशाचं पोट ज्या पाण्यातून जिवाणू घेतं तेच पाणी आपण उजाड करतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पहिला कोण शिरेल ते सांगता येत नाही. शिवाय औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे उरतात ते वेगळेच. आधी पाण्यातला प्राणवायू तपासा, खाद्य कमी करा, मासे फार दाटीनं सोडलेत का ते पाहा, आणि मत्स्य विभागाच्या माणसाला बोलवा.

आणि तुम्हा पोरांना एक काम. पाऊस उघडल्यावर गावच्या तळ्याच्या कडेनं मोठ्या माणसाला सोबत घेऊन जा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, उजेडाकडे धरा. पांढरट ठिपके उड्या मारत वर-खाली जाताना दिसले, तर त्या पाण्यातल्या पिसवा असू शकतील. भिंग लावून पाहा. अंगाच्या मधून एक वाकडी हिरवी रेघ गेलेली दिसेल, ते तिचं आतडं, आत शेवाळ भरलेलं. पाहून झालं की ते पाणी त्याच तळ्यात परत ओता, दुसऱ्या तळ्यात नेऊन टाकू नका. आणि घरी येऊन हात साबणानं धुवा.